क्राकोव बघताना सातारची गादी आठवली

पोलंडची राजधानी वॉर्सा एवढं शाळेत पाठ केलेलं असतं, आणि आपल्याकडचे युरोपला जाणारे बहुतेक लोक पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम असं करून परत येतात, पोलंड सहसा कुणाच्या पॅकेजमध्ये नसतं. माझा धाकटा भाऊ क्राकोवला आयटी कंपनीत आहे म्हणून मी आणि आई मे महिन्याच्या सुट्टीत तिकडं जाऊन आलो. आल्यापासून जो भेटेल त्याला मी क्राकोवच सांगत सुटलेय, शाळेत स्टाफरूममध्ये, भाजी आणायला गेलं की तिथं, साताऱ्यात राजवाड्यावर चौपाटीला गेलं की तिथं, म्हणून म्हणलं एकदा बसून सगळं नीट लिहूनच काढावं.

मला ह्या गावाबद्दल जे वाटलं ते मी सातारची आहे म्हणून जास्त वाटलं असणार. क्राकोव ही पोलंडची जुनी राजधानी. सोळाव्या शतकाच्या शेवटी राजा तिसरा झिग्मुंट ह्यानं दरबार वॉर्साला हलवायला घेतला आणि कारभार हळूहळू तिकडं गेला, पण राज्याभिषेक मात्र एखाद-दुसरा अपवाद सोडला तर क्राकोवलाच होत राहिले, वावेल नावाच्या टेकडीवरच्या कॅथेड्रलमध्ये, ते थेट १७३४ पर्यंत. म्हणजे राजा राहणार वॉर्सात, पण डोक्यावर मुकुट चढवून घ्यायला यायचं क्राकोवला. भावानं हे सांगितलं तेव्हा आई पटकन म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच की रे, कारभार पुण्याला आणि गादी साताऱ्याला." मला एकदम लख्ख झालं. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ ला साताऱ्यात झाला, पुढं सगळी सूत्रं पेशव्यांकडं पुण्याला गेली, पण पेशवेपदाची वस्त्रं घ्यायची ती साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच. त्यानंतर मी ते गाव टुरिस्ट म्हणून बघितलंच नाही, सत्ता निघून गेलेलं पण मान टिकवून ठेवलेलं एक गाव दुसऱ्या तशाच गावातल्या बाईनं बघावं तसं बघितलं.

सुरुवात सगळे करतात तशी आम्ही पण चौकातून केली. रिनेक ग्वूवनी, म्हणजे मुख्य बाजारचौक. १२४१ ला मंगोल स्वारीत गाव जळून बेचिराख झालं आणि मग १२५७ ला नव्यानं सनद देऊन अख्खं गाव आखून बांधलं, तेव्हाचा हा चौक, साधारण दोनशे मीटर लांब आणि तेवढाच रुंद, आणि त्याच्या चारी बाजूंनी निघणारे सरळ रस्ते आजही तसेच आहेत. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या मध्ययुगीन चौकांपैकी हा एक. मध्ये सुकिएन्नित्से नावाची लांबलचक इमारत, जुना कापडबाजार, १५५५ च्या आगीनंतर आत्ताच्या रूपात बांधलेला, खाली आता अंबर म्हणजे ते मधाच्या रंगाचे खडे, लाकडी वस्तू, चामड्याच्या पिशव्या असली दुकानं आणि वरच्या मजल्यावर एकोणिसाव्या शतकातल्या पोलिश चित्रांचं म्युझियम. बाजूला एकटाच उभा असलेला टाऊन हॉलचा मनोरा, बाकीचा टाऊन हॉल १८२० च्या सुमारास पाडून टाकलाय. चौकाखाली पण एक म्युझियम आहे, २०१० पासून, जमिनीखाली चार मीटरवर जुने रस्ते, दुकानांचे पाये, सगळं खणून तसंच ठेवलंय आणि वरून आपण चालतोय, घोडागाड्या चालल्यात. गाव आपल्याच जुन्या पायावर हळूहळू वर चढत गेलंय हे तिथं उतरल्याशिवाय कळत नाही.

पण चौकातली खरी गोष्ट आहे ती मारियात्स्की चर्चच्या मनोऱ्यातला तुतारीवाला. चर्चला दोन मनोरे आहेत, उंची वेगवेगळी, त्यातला मोठा ८२ मीटर. त्याच्या वरच्या खोलीत अग्निशमन दलाचे जवान पाळीनं ड्यूटीवर असतात आणि दर तासाला, दिवसा आणि रात्री पण, त्यांच्यापैकी एकजण खिडकी उघडून तुतारी वाजवतो. चार दिशांना चार वेळा. एकदा वावेलकडं राजासाठी, एकदा टाऊन हॉलकडं नगरप्रमुखासाठी, एकदा वेशीकडं येणाऱ्या पाहुण्यांसाठी आणि एकदा आपल्या अग्निशमन दलाच्या प्रमुखासाठी. ह्या सुरावटीचं नाव हेयनाऊ. आणि ती पूर्ण होत नाही, मध्येच कचकन तुटते. गोष्ट अशी सांगतात की मंगोल चालून आले तेव्हा पहारेकऱ्यानं तुतारी वाजवून गावाला जागं केलं आणि वाजवता वाजवताच त्याच्या गळ्यात बाण घुसला, तिथं सूर तुटला, म्हणून आजही तिथंच तोडायचा. ही दंतकथा आहे, इतिहासाचा पुरावा नाही, पण तुतारी खरीच आहे आणि दुपारी बाराची हेयनाऊ १९२७ पासून पोलिश रेडिओवरनं सगळ्या देशाला ऐकवतात.

आम्ही पहिल्यांदा ऐकली तेव्हा चौकात बऱ्यापैकी गर्दी होती, कबुतरं, पोरं, टूरवाले, आणि अचानक वरनं तो आवाज. आई थांबली आणि वर बघत राहिली. तुटला सूर आणि क्षणभर वाटलं पुढं येईल, नाही आला, मग दुसऱ्या खिडकीतून परत पहिल्यापासून. चौथ्यांदा वाजवून झाल्यावर त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून हलवला आणि खालची सगळी लोकं हात हलवायला लागली, आईनं पण हलवला. भाऊ म्हणाला, "ताई, मी इथं आल्यापासून रोज ऐकतोय, आता ऐकू आली नाही तर चुकल्यासारखं होतं." मला त्यातलं आवडलं काय तर पहिला मान अजून राजाच्या दिशेला. राजा जाऊन शतकं झाली, वावेलवर आता म्युझियम आहे, तरी खिडकी आधी तिकडचीच उघडायची. कुणी म्हणलं नाही की आता कशाला.

त्याच चर्चच्या आत जे आहे नुसतं त्याच्यासाठी क्राकोवला गेलं तरी चालेल असं माझं मत आहे. वित स्त्वोश नावाचा शिल्पकार न्यूरेंबर्गहून १४७७ ला इथं आला आणि बारा वर्षं खपून १४८९ ला त्यानं लाकडाची एक प्रचंड वेदी, म्हणजे चर्चमध्ये पूजेच्या जागेमागं उभी असते ती दारं असलेली मूर्तींची चौकट, पूर्ण केली. उंची १३ मीटरच्या आसपास. लिंडेन झाडाच्या लाकडातून कोरलेल्या मूर्ती, मधल्या तर माणसापेक्षा खूप मोठ्या, वर सोन्याचा मुलामा आणि निळा, लाल रंग. दिवसाचा बराच वेळ तिची दारं मिटलेली असतात, दुपारी बाराच्या जरा आधी सगळ्यांसमोर उघडतात. पर्यटकांना तिकीट आणि वेगळं दार, प्रार्थनेला येणाऱ्यांना समोरचं दार, त्यामुळं जी माणसं देवासाठी आलीत त्यांना आपला त्रास होत नाही, हे मला फार बरं वाटलं, आपल्याकडं पण करता येण्यासारखं आहे.

दारं उघडली की मधोमध दिसतो तो मेरीच्या शेवटच्या क्षणाचा प्रसंग. ती गुडघ्यांत मोडून खाली चाललीय, येशूच्या शिष्यांपैकी एकानं तिला धरलंय आणि बाकीचे भोवती. मी सगळ्यात जास्त वेळ काय बघितलं तर त्यांचे हात. म्हाताऱ्या माणसाच्या हातावर शिरा कशा फुगून येतात, बोटांची पेरं कशी जाड होतात, मनगटावरची कातडी कशी सैल पडते, ते सगळं लाकडात. एकाचा हात डोक्यावर घट्ट आवळलेला, दुसऱ्याच्या गालांची हाडं वर आलेली, कपाळावर सुरकुत्या. ह्या शिष्यांना त्यानं देवमाणसं म्हणून कोरलेलंच नाही, बाजारात समोर बसणारी, नांगर धरणारी, जाळं ओढणारी माणसं आहेत ती. आई म्हणाली हा बाप्या माणूस रोज लोकांच्या हाताकडंच बघत बसत असणार. साडेपाचशे वर्षं होत आली तरी त्या दुःखात कुठं खोटं वाटत नाही.

आणि ह्या वेदीची पुढची गोष्ट. १९३९ ला युद्ध येतंय हे दिसल्यावर पोलिश लोकांनी ती सुटी करून मोठ्या मूर्ती नदीतून होडीनं दुसऱ्या गावी नेऊन लपवल्या. नाझींनी त्या शोधून काढल्या आणि जर्मनीला नेल्या, न्यूरेंबर्गच्या किल्ल्याखालच्या तळघरात ठेवल्या. युद्ध संपल्यावर कारोल एस्ट्रायखर नावाचे कलेचे अभ्यासक मागावर राहिले, त्यांनी शोध लावला आणि १९४६ ला वेदी क्राकोवला परत आली. लिओनार्दो दा विंचीचं ते मुंगसासारखा दिसणारा पांढरा प्राणी हातात धरलेल्या मुलीचं चित्र आहे ना, ते पण क्राकोवचंच, नाझींनी नेलेलं, तेही त्याच वर्षी परत आलं. (ते चित्र चार्तोरिस्की म्युझियममध्ये आहे, लाकडी फळीवर काढलेलं, मला वाटलं होतं त्याच्या निम्म्यानं लहान, पण त्या मुलीची मान वळवण्याची पद्धत विसरता येत नाही.) वेदीची शेवटची मोठी दुरुस्ती २०१५ ते २०२१ चालली आणि त्या काळात लोकांना काम चालू असलेलं बघता यायचं म्हणे.

हे ऐकताना मला आपली वाघनखं आठवली. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून ती साताऱ्याच्या म्युझियममध्ये आली तेव्हा केवढी रांग होती, म्हातारी माणसं, लहान पोरं, आमच्या शाळेची पोरं पण घेऊन गेलो होतो. पण ती उसनी, परत द्यायच्या बोलीवर आणलेली. एस्ट्रायखरांनी आपलं ते आपलं म्हणून आणलं, कायमचं. दोन्हींतला फरक मला तिथं उभं राहून फार बोचला आणि मी तो लपवत पण नाही, आपल्या वस्तूंच्या मागं आयुष्य घालवणारी माणसं आपल्याकडं पण पाहिजेत, नुसत्या घोषणा देणारी नकोत.

वावेल. आता ह्यावर मी किती लिहीन मलाच माहीत नाही. विस्वा नदीच्या काठावर चुनखडीची टेकडी, वर तटबंदी, राजवाडा आणि कॅथेड्रल. उंची फार नाही, आपल्या अजिंक्यताऱ्यापुढं काहीच नाही, धापा न टाकता चढता येतं, आईनं गुडघे दुखत असून आरामात चढलं. चढणीवर डावीकडं विटांची भिंत लागते. पुढं चालले होते तेवढ्यात भाऊ म्हणाला थांब, विटा बघ. जवळ जाऊन बघितलं तर विटांवर नावं कोरलेली. कुणाचं एकट्याचं नाव, कुठं एखाद्या कुटुंबाचं, कुठं संस्थेचं, कुठं शाळेचं.

ह्याच्या मागची हकिगत अशी. १७७२, १७९३ आणि १७९५ असे तीन घास करून रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं पोलंड गिळला, त्यानंतर १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षं, पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. क्राकोव ऑस्ट्रियाकडं गेलं आणि त्यांनी वावेलच्या राजवाड्याची चक्क बराक केली, सैनिक राहायचे तिथं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकांनी मागं लागून, पैसे उभे करून तो राजवाडा सैन्याकडून सोडवून घेतला आणि मग दुरुस्तीसाठी १९२१ पासून लोकांना आवाहन केलं की एका विटेचे पैसे द्या, तुमचं नाव भिंतीत बसेल. हजारो लोकांनी दिले. ती ही भिंत. मी एक एक वीट वाचत होते, त्यातली अक्षरं मला उच्चारता पण येत नव्हती, पण हात लावून बघितला, कडा झिजल्यात, काही ठिकाणी अक्षरात माती बसलीय. आपल्याकडं १८४८ ला सातारचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि त्यानंतर जुन्या वाड्यांचं काय काय झालं ते आपण रोज येताजाता बघतोच, वाड्यात ऑफिसं, वाड्यात शाळा. मी स्वतः एक वीट द्यायला तयार आहे आणि मला माहितीये साताऱ्यात माझ्यासारखी हजारो माणसं निघतील. कुणीतरी नीट हिशोब ठेवणारं, विश्वास बसेल असं पुढं यायला पाहिजे, बस.

कॅथेड्रलच्या आत राजांच्या समाध्या, एकाला लागून एक, खाली तळघरात पण. सोनेरी घुमटाचं एक छोटं देवघर आहे, पहिल्या झिग्मुंटचं चॅपल (वर आलेला तिसरा तो वेगळा), इटालियन शिल्पकार बेरेच्चीनं १५१९ ते १५३३ मध्ये बांधलेलं, बाहेरून ऊन पडलं की डोळ्यावर येतं. राजांशिवाय तिथं स्वातंत्र्यासाठी लढलेला सेनापती कोश्चुश्को आहे, देशाचे दोन मोठे कवी आहेत, १९१८ नंतरच्या स्वतंत्र पोलंडचे नेते मार्शल पिल्सुद्स्की आहेत. म्हणजे राजे संपले तरी मानाची जागा वावेलच. आणि एक नाव वाचून मी भावाचा हात धरला, यान सोबिएस्की. १६८३ ला व्हिएन्नाचा तुर्कांचा वेढा उठवणारा राजा. त्याला तिथल्या सरदारांनी राजा म्हणून निवडून दिलं ते साल १६७४. आपल्याकडं रायगडावर राज्याभिषेक झाला तेच साल, आणि महिने बघितले तर मे आणि जून, मागंपुढं काही आठवडे! इतिहास शिकवते मी, पण हे दोन्ही कधी शेजारी ठेवून बघितलं नव्हतं. आता दहावीच्या वर्गात नक्की सांगणार.

वरच्या मनोऱ्यात त्याच पहिल्या झिग्मुंटची घंटा आहे, १५२० ला ओतलेली. जायला लाकडी जिने, अरुंद, मोठमोठ्या तुळयांमधून वाकून जावं लागतं, आईला खालीच बसवलं. सगळ्या सामानासकट वजन साडेबारा टनांच्या वर. आणि अजून ती माणसंच वाजवतात, दोर ओढून, दहा-बाराजण लागतात, वर्षातून ठरलेल्या सणांना आणि देशात काही मोठं घडलं तरच. मोटर बसवता आली नसती का, सहज आली असती, बसवली नाही. घंटेच्या लोलकाला डावा हात लावला की मनातली इच्छा पूर्ण होते म्हणतात, लावला मी पण.

अंगणातला एक कोपरा मात्र मला थोडा विचित्र वाटला. तिथं काही माणसं भिंतीला पाठ टेकून डोळे मिटून उभी होती. असं मानतात की जगात सात चक्रं आहेत, शंकरानं फेकलेले सात दगड, त्यातला एक ह्या वावेलच्या खाली. आई ऐकून एवढी खूश झाली की लगेच जाऊन दोन मिनिटं टेकून उभी राहिली आणि म्हणाली बरं वाटतंय. तिथल्या व्यवस्थापनाला हा प्रकार फारसा पसंत नाही, आणि ते बरोबरच आहे असं मला वाटतं, हजार वर्षांच्या इतिहासाची जागा आहे, तिला वर आणखी चमत्कार जोडायची गरज नाही. पण आईला मी अडवलं नाही.

टेकडीच्या खाली नदीच्या बाजूला ड्रॅगनची गुहा आणि समोर धातूचा ड्रॅगन, थोड्या थोड्या वेळानं तोंडातून खराखुरा जाळ काढतो. गोष्टीत एका मोच्याच्या पोरानं मेंढीच्या कातड्यात गंधक भरून त्याला खायला घातलं, मग आग शमवायला तो नदीचं पाणी पीत सुटला आणि फुटला. लहान मुलं घेऊन जाणार असाल तर इथंच जास्त वेळ काढा.

विद्यापीठाबद्दल थोडक्यात सांगते. यागिएलोनियन विद्यापीठ १३६४ चं, राजा काझिमेझनं स्थापलेलं. कोपर्निकस इथं १४९१ ला विद्यार्थी म्हणून आला. कोलेगिउम माइउस ही सगळ्यात जुनी इमारत, विटांच्या कमानींचं शांत अंगण, मधे विहीर. ६ नोव्हेंबर १९३९ ला नाझींनी ह्या विद्यापीठाच्या प्राध्यापकांना सभेला बोलावलं आणि तिथंच पकडून छळछावणीत पाठवलं, १८० च्या वर माणसं. गाव ताब्यात घेतल्यावर आधी कुणाला उचललं तर शिकवणाऱ्यांना. शिक्षक म्हणून हे वाचताना पायातली ताकद गेल्यासारखं झालं.

खाण्याचं आईमुळं टेन्शन होतं, ती अंडं पण खात नाही, पण निभलं. पिएरोगी नावाचा पदार्थ सगळीकडं मिळतो, उकडलेल्या करंजीसारखा, त्यातला बटाटा आणि चीजचा प्रकार शाकाहारी असतो, फक्त वर डुकराच्या चरबीचे तुकडे घालू नका म्हणून आधी सांगायचं आणि पिठात अंडं आहे का ते पण विचारायचं. बार म्लेचनी म्हणजे जुनी स्वस्त खानावळ, तिथं ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं. रस्त्यावर हातगाडीवर ओब्वाझानेक मिळतात, पीळ घातलेल्या पावाची कडी, आधी पाण्यात उकळून मग भाजतात, वर तीळ, खसखस किंवा मीठ. आई दुपारचं त्याच्यावर आणि घरच्या शेंगदाणा चटणीवर भागवायची.

दक्षिणेला काझिमेझ हा भाग, पूर्वीची ज्यू लोकांची वस्ती. युद्धाआधी क्राकोवात साठ हजारांच्या वर ज्यू होते, गावाचा जवळजवळ चौथा हिस्सा. आता तिथं सिनेगॉग म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं आहेत, कॅफे आहेत, संध्याकाळी गाणी चालू असतात. रेमुह सिनेगॉगच्या मागच्या दफनभूमीला एक भिंत आहे, नाझींनी फोडलेल्या थडग्यांचे तुकडे जोडून केलेली. नदी ओलांडली की पोद्गुर्झे, तिथं नाझींनी मार्च १९४१ ला ज्यूंना कोंडून ठेवायला घेट्टो केला आणि मार्च १९४३ ला तो रिकामा केला, म्हणजे माणसं मारली आणि उरलेली छावण्यांत नेली. ज्या चौकातून त्यांना नेलं तिथं आता मोठमोठ्या धातूच्या रिकाम्या खुर्च्या ठेवल्यात, अंतरा-अंतरावर. घरातनं बाहेर काढलं तेव्हा लोकांचं फर्निचर असंच चौकात पडून राहिलं होतं. शेजारून ट्राम जाते, ट्राम स्टॉपवर कॉलेजची मुलं उभी. त्याच चौकात एक औषधाचं दुकान आहे, तादेउश पांकिएविच ह्यांचं, घेट्टोच्या आत राहून दुकान चालवणारा ज्यू नसलेला फार्मासिस्ट, त्यानं औषधं दिली, निरोप पोचवले, माणसं लपवली. ते आता म्युझियम आहे. लहान आहे, पण चुकवू नका.

विएलिच्काची मिठाची खाण क्राकोवपासून लोकलनं अर्ध्या तासाच्या आत. तेराव्या शतकापासून १९९६ पर्यंत मीठ काढत होते. खोली ३२७ मीटर, आपल्याला १३५ मीटरपर्यंत नेतात, सुरुवातीलाच लाकडी पायऱ्या एवढ्या की गुडघेवाल्यांनी आधी विचार करावा, वर यायला लिफ्ट आहे. आईनं हट्टानं उतरलं. मला वाटलं होतं पांढरंशुभ्र असेल, तर मीठ करड्या रंगाचं, गुळगुळीत, काळ्या दगडासारखं. १०१ मीटर खाली संत किंगाचं चॅपल, जमीन, भिंती, मूर्ती, झुंबराचे लोलक सगळं मिठाचं, आणि ते कोरलं खाणीत काम करणाऱ्या माणसांनीच, १८९६ पासून पुढं कितीतरी वर्षं. दिवसभर खणायचं आणि परत देवासाठी कोरायचं.

शेवटच्या रविवारी कोश्चुश्कोच्या टेकाडावर गेलो. कोश्चुश्को म्हणजे १७९४ च्या उठावाचा सेनापती, आधी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पण लढलेला. क्राकोवच्या चौकात त्यानं शपथ घेतली, ती जागा दगड बसवून दाखवलीय. रात्सवावित्सेच्या लढाईत त्याच्या बाजूनं शेतकरी गवत कापायचे विळे दांड्याला सरळ बांधून रशियन तोफांवर धावून गेले आणि तोफा ताब्यात घेतल्या. तो गेल्यावर १८२० ते १८२३ मध्ये लोकांनी माती वाहून वाहून हे ३४ मीटर उंचीचं टेकाड रचलं, त्यात त्याच्या रणांगणांवरची माती आणून घातली. देश परक्यांच्या ताब्यात असताना. वर चढायला गोल गोल वाट, वारा भन्नाट, अख्खं क्राकोव दिसतं, मनोरे, वावेल, नदीचं वळण. मी तिथं आपल्याकडच्या 'चार भिंती' ह्या उंचावरच्या ठिकाणावरून दिसणाऱ्या साताऱ्याचा फोटो भावाला मोबाइलवर दाखवला, तो गप्पच झाला जरा वेळ, चार वर्षं घरी आला नाहीये पोरगा.

जाणार असाल तर मे किंवा सप्टेंबर बघा, वावेलची, वेदीची आणि खाणीची तिकिटं आधी ऑनलाइन काढा, आणि जुन्या गावात गाडी करू नका, प्लांती म्हणून बागेचा पट्टा आहे गावाभोवती, जुनी तटबंदी पाडून त्या जागेवर केलेला, त्यातनं चालत गेलं की सगळं हाताशी येतं.

आणि एक राहिलं. आपला ह्या लोकांशी जुना संबंध आहे हे आपल्याकडं बऱ्याच जणांना माहीत नसतं. दुसऱ्या महायुद्धात रशियानं सायबेरियाकडं हाकलून दिलेले हजारो पोलिश लोक, त्यात बायका आणि मुलंच जास्त, पुढं हिंदुस्थानात आले, आणि त्यातले पाच हजारांच्या आसपास कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या कॅम्पमध्ये १९४३ ते १९४८ राहिले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. आजारी माणसांना आणि मुलांना हवा चांगली म्हणून आपल्या पाचगणीला पण ठेवलं होतं. कोल्हापुरात त्यांचं स्मारक आहे, वॉर्सात पण कोल्हापूरच्या नावानं स्मारक आहे. पावसाळा संपला की आईला घेऊन वळिवड्याला जायचं ठरवलंय. पाचगणी-वाई भागात तुमच्यापैकी कुणाच्या आजी-आजोबांनी त्या गोऱ्या पोरांबद्दल, त्यांच्या शाळांबद्दल, दवाखान्याबद्दल काही सांगितलेलं आठवत असेल, एखादा जुना फोटो घरात असेल, तर खाली नक्की लिहा, मी ते सगळं एका वहीत उतरवून ठेवायला घेतलंय.